आपण पुढे असताना उठण्याबाबत

मी, अर्व्हिन क्लाइड मॅबरी, वय चौऱ्याहत्तर, पेशाने पाइप फिटर, आता निवृत्त, राहणार सॉमिल रोड, डन्स फेरी, अलाबामा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शेजारी होबार्ट पिकन्सचं मत वेगळं असेल, पण तो फुटबॉलमधल्या आमच्या जुन्या वैऱ्याचा, ब्रॅनम टेकचा, पाठीराखा असल्यामुळे अकलेच्या बाबतीत त्याचं मत ग्राह्य धरू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मी दारू घेतलेली नाही. मी घाबरलेलो मात्र आहे. घाबरलेल्या माणसाने केलेलं मृत्युपत्र चालतं का, हे मी काउंटीच्या कचेरीत विचारून आलो. तिथली बाई म्हणाली, "मिस्टर अर्व्हिन, न घाबरलेला माणूस इकडे फिरकतच नाही."

२००३ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझी राख कॅडेल कॉलेजच्या मैदानावर, अगदी मधल्या रेषेवर टाकावी असं लिहिलं होतं. कॉलेजवाले परवानगी देत नाहीत, म्हणून ती वेंडेलने मोज्यात भरून आत न्यावी अशीही सूचना होती. ती सूचना मागे घेतली आहे. मला पुरावं.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी कोरिन करील. ती मोबील शहरात नर्स आहे आणि फुटबॉल बघत नाही. दुसरं कारण मुख्य आहे.

२. सॉमिल रोडवरचं घर आणि बँकेत जे काही असेल ते कोरिन आणि माझा मुलगा वेंडेल यांनी निम्मं निम्मं घ्यावं. घराच्या मागच्या पायरीची तिसरी फळी हलते. ती मी दुरुस्त करणार होतो.

३. माझी सगळी हत्यारं, म्हणजे लहानमोठे पाइप पान्हे, आटे पाडायचं यंत्र आणि माझ्या वडिलांची थापी, वेंडेलला. त्या थापीने वडिलांनी कॅडेलच्या स्टेडियमची पूर्वेकडची भिंत बांधली. स्टेडियम उभं राहिल्यावर पहिल्या सामन्याचं तिकीट त्यांना मिळालं नाही. ते बाहेर उभे राहून भिंतीला कान लावून ऐकत होते, असं आई सांगायची. थापी वापरली नाही तरी चालेल, पण गंजू देऊ नये.

४. होबार्ट पिकन्स याला माझी ॲल्युमिनियमची शिडी. ती १९९४ पासून त्याच्याकडेच आहे, त्यामुळे आणायला येण्याचे कष्ट त्याला पडणार नाहीत. अट एकच: माझ्या अंत्यविधीला त्याने तपकिरी-पिवळा टाय घालावा. ही अट मी त्याला काल कुंपणावरून सांगितली.

"मरेन, पण कॅडेलचा टाय घालणार नाही," तो म्हणाला.

"तू कशाला मरतोस? मी मेल्यावरच घालायचा आहे."

"मग सावकाश मर," होबार्ट म्हणाला आणि घरात निघून गेला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, हे मी इथे नोंदवतो.

५. आता माझी एक मिळकत अशी आहे की तिची वाटणी कशी करावी ते मला समजत नाही. मी कॅडेलच्या खेचरांचा पाठीराखा आहे. आमच्या संघाला खेचरं म्हणतात, हसायचं असेल तर हसून घ्यावं. त्या कॉलेजात मी एक दिवसही शिकलो नाही. दहावीनंतर शाळाच सोडली. आत गेलो तो वसतिगृहातले तुंबलेले नळ मोकळे करायला. कोरिनने चौदाव्या वर्षी मला विचारलं होतं, "डॅडी, तुम्ही 'आपण जिंकलो' असं का म्हणता? तुम्ही तर इथे बसून शेंगा खात होता." तेव्हा मी तिच्यावर डाफरलो. आज उत्तर देतो. कोरिन, माझ्या आयुष्यात 'आपण' म्हणायच्या जागा फार थोड्या होत्या. कारखान्यात 'ते' आणि 'आम्ही' होतं. चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसायचो. शनिवारी मात्र नव्वद हजार माणसं माझ्यासारखाच रंग घालून उभी असायची आणि डॉक्टरचा मुलगा माझ्या गळ्यात पडून रडायचा. एवढं सुख मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. पण त्याच्याबरोबर भीतीही आली. ऑगस्टात मोसम लागला की माझी झोप उडायची, ती डिसेंबरपर्यंत परत यायची नाही. मैदानावरच्या पोरांना मी ओळखत नव्हतो, त्यांना मी आहे हेही माहीत नव्हतं, आणि माझी झोप त्यांच्या हातात होती. ज्याच्या हातात काहीच नसतं तो नियम करतो. मीही केला.

६. नियम असा. घरी सामना बघताना आपण पुढे असलो, तर जो जिथे बसला असेल त्याने तिथून उठायचं नाही. १९९२ साली मी लघवीला उठलो आणि ब्रॅनमने चेंडू पळवून सामना नेला, तेव्हापासूनचा हा नियम. घरात सगळे हसत हसत पाळायचे. दाराची घंटा वाजली तर आम्ही बसल्या जागेवरून ओरडायचो. एकदा स्वयंपाकघरात मक्याची पोळी जळून धूर झाला, तरी कोणी हललं नाही. ही गोष्ट मी पन्नास वेळा रंगवून सांगितली आहे आणि लोक पन्नास वेळा हसले आहेत.

पुढचं कोणाला सांगितलेलं नाही.

२८ नोव्हेंबर २००९, शनिवार, ब्रॅनमविरुद्धचा सामना. सामना ब्रॅनमच्या मैदानावर होता, वेंडेल तिकडे गेला होता. घरी मी आणि माझी बायको नेल्डा, दोघंच. चौथं, म्हणजे शेवटचं सत्र चालू होतं आणि आपण तीन गुणांनी पुढे होतो. नेल्डा म्हणाली, "अर्व्हिन, माझा हात कसातरीच होतोय. जरा आत जाऊन पडते."

मी टीव्हीवरून नजर काढली नाही. "थांब ना, एवढा एक डाव होऊ दे," मी म्हणालो.

ती थांबली. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. पण आमच्या अमेरिकन फुटबॉलचं घड्याळ सारखं थांबतं. त्या अकरा मिनिटांना जगातली चाळीस मिनिटं लागतात. या काळात तिने आणखी दोनदा माझं नाव घेतलं. दोन्ही वेळा मी हात वर केला. आपण जिंकलो. नेल्डा उठली, तिने पायावरच्या पांघरुणाची नीट घडी घातली, स्वयंपाकघरात गेली आणि मला ती पडल्याचा आवाज आला.

कोरिनने त्या संध्याकाळी मला विचारलं होतं, "मम्माला पहिल्यांदा कधी दुखायला लागलं?" मी म्हणालो, "अचानक." कोरिन, ते खोटं होतं. तू नर्स आहेस. तुला तेव्हाच कळलं असावं. तू थँक्सगिव्हिंगच्या सणाला यायचं का बंद केलंस हे मी कधी विचारलं नाही, कारण तू सांगशील अशी भीती होती.

आणखी एक. नेल्डाचा अंत्यविधी पुढच्या शनिवारी ठरत होता. त्या दिवशी अंतिम सामना होता. मी पाद्रीबाबांना मंगळवार करायला सांगितलं. आमच्या गावात हे कोणालाही वावगं वाटलं नाही. उलट लोकांनी माझे आभार मानले.

७. एवढं होऊनही मी नियम मोडला नाही. का, ते लिहिताना लाज वाटते. नियम खोटा म्हटला तर नेल्डा कशासाठी बसून राहिली? तिचं बसणं फुकट जाऊ नये म्हणून मी आणखी पंधरा वर्षं बसलो, आणि घरच्यांनाही बसवलं.

मग गेल्या वर्षीचा ब्रॅनमचा सामना आला. माझ्या गुडघ्यांना स्टेडियमच्या पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून वेंडेल त्याच्या मुलीला, मेर्लीला, घेऊन माझ्याकडेच आला होता. मेर्ली तेव्हा दहा वर्षांची. तिला दमा आहे. तिचा पंप वरच्या खोलीत, दप्तरात होता. आपण चार गुणांनी पुढे, दोन मिनिटं बाकी, चेंडू ब्रॅनमकडे. मला तिच्या श्वासाची शिट्टी ऐकू आली.

"डॅडी, मी उठू का?" तिने विचारलं.

वेंडेल टीव्हीकडेच बघत होता. "थांब ना बाळा, एवढा एक डाव होऊ दे," तो म्हणाला.

वेंडेल २००९ साली घरात नव्हता. माझे शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. तरीही तेच शब्द, त्याच सुरात, त्याच्या तोंडून आले. 

आणि मी उठलो नाही. मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात. मी खुर्चीचे हात धरून बसलो. एक डाव झाला. मी मेर्लीकडे बघितलं. ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर उचलून श्वास ओढत होती, आणि तिची नजर टीव्हीवर होती. दुसरा डाव झाला. तिसरा डाव झाला. तिचे ओठ निळसर दिसू लागले तेव्हा मी उठलो. या गुडघ्यांनी जिना कसा चढलो ते आठवत नाही. पंप घेऊन खाली आलो तोवर ब्रॅनमने चेंडू आमच्या रेषेपार नेऊन सामना जिंकला होता.

वेंडेल म्हणाला, "डॅडी, तुम्ही उठलात." रागाने नाही, किती वाजले ते सांगावं तसं.

मेर्लीने दोनदा औषध ओढलं, थोडी सावरली आणि पहिलं वाक्य बोलली, "सॉरी पपॉ. माझ्यामुळे हरलो."

ते वाक्य मला रोज ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, माझ्या हृदयाची झडप फार दिवस टिकायची नाही. मला मरणाची भीती वाटते, का वाटू नये? पण त्या तीन डावांची भीती जास्त वाटते. दुसऱ्या वेळी मी चार डाव थांबलो असतो का, पाच थांबलो असतो का, हे मला माहीत नाही. वेंडेल किती थांबेल हेही माहीत नाही. तो चांगला मुलगा आहे. मीही वाईट नव्हतो.

८. म्हणून माझी आरामखुर्ची कोणालाही देऊ नये. वेंडेल ती मागेल. त्याला देऊ नये. होबार्टने ती कुऱ्हाडीने फोडावी. तीस वर्षं त्याची तीच इच्छा आहे, त्यामुळे मजुरी द्यावी लागणार नाही. माझा तपकिरी स्वेटर, जो मोसमात कधीच धुतला गेला नाही, तो धुवावा. दोनदा धुवावा.

९. स्टेडियमच्या पूर्वेकडच्या, एकतिसाव्या रांगेतल्या दोन जागा, क्रमांक अकरा आणि बारा. नेल्डा गेल्यापासून बारा नंबरवर कोणी बसलेलं नाही, आणि माझे गुडघे गेल्यापासून अकरावरही नाही. तरी मी दोन्ही जागा सोडल्या नाहीत. टीव्हीवर पूर्वेची बाजू दिसली की मी त्या शोधतो. त्या मी मेर्ली आणि वेंडेल या दोघांना मिळून देतो. अट अशी: दर सामन्यात आपण पुढे असताना दोघांनी निदान एकदा उठावं, खाली जावं आणि उकडलेल्या शेंगांची पुडी आणावी. पंप मेर्लीच्या खिशात असावा. सलग दोन सामने अट पाळली गेली नाही, तर दोन्ही जागा होबार्टला द्याव्यात. तो तिथे ब्रॅनमचा लाल कोट घालून बसेल. वेंडेलला अट पाळायला एवढं कारण पुरावं.

१०. माझा अंत्यविधी शनिवारी करावा. मोसमात मेलो तर सामन्याच्याच वेळी करावा. लोक कुरकुर करतील, करू द्यावी. थडग्याजवळ रेडिओ लावावा. आपण पुढे असलो, की मेर्लीने सगळ्यांत आधी उठावं, मग बाकीच्यांनी उठावं, आणि सगळ्यांनी नेल्डाच्या थडग्यापर्यंत चालत जाऊन यावं. घाई करू नये. संघ हरला तर मेर्लीला कोणी काही विचारू नये. विचारलंच, तर तिने सांगावं, "पपॉ उठले होते म्हणून हरलो." ते खरंच असेल, कारण मी आत्ता उठलेलो आहे.

आज सामना चालू आहे, ब्रॅनमविरुद्धचा. हे शेवटचं कलम मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, नेल्डा पडली त्या जागेपासून दोन हातांवर बसून लिहीत आहे. चौथं सत्र आहे. मी खुर्चीतून उठलो तेव्हा आपण सहा गुणांनी पुढे होतो. वेंडेल म्हणाला, "डॅडी, आत्ता?" मी म्हणालो, "आत्ताच." सव्वीस पावलं झाली. सही वेडीवाकडी येईल. ती माझीच समजावी.

साक्षीदारांना मी मुद्दाम याच वेळी बोलावलं. होबार्ट टीव्ही सोडून लगेच आला. ब्रॅनम मागे असताना उठलं की नशीब फिरतं, असा त्याचा नियम आहे. तोही म्हातारा झाला, सुधारणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही म्हणतात; पण शिडी आधीपासून त्याच्याकडे आहे आणि जागा वेंडेल हातच्या जाऊ देणार नाही, त्यामुळे त्याला नवीन काही मिळत नाही, असं दुसऱ्या साक्षीदार ओपलबाईंचं मत पडलं.

पुढच्या खोलीतून आत्ताच मोठा ओरडा झाला. आनंदाचा की दुसरा, ते मला कळलं नाही. मी जाऊन बघणार नाही.

सही करण्यापूर्वी एक नोंद. मेर्ली दारात उभी आहे. मी विचारलं, "काय झालं बाळा?"

ती म्हणाली, "काही नाही पपॉ. पंप घ्यायला उठले."

"गुण?"

"अजून आपणच पुढे आहोत," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

सही: अर्व्हिन क्लाइड मॅबरी

आम्हा दोघांच्या समक्ष, शुद्धीवर असताना, त्यांनी वरील सही केली:

१. होबार्ट पिकन्स (टाय घालीन.)
२. ओपल रीव्हिस, चर्चमधील ऑर्गनवादक

स्थळ: डन्स फेरी, अलाबामा
दिनांक: शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे, सामन्याच्या घड्याळात अकरा मिनिटे बाकी