पितळेची पिन

प्रिय सतीश,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट फोडशील की चुलीत घालशील, ठाऊक नाही. फोडलंस तर शेवटपर्यंत वाच. फोन करता आला असता, पण फोनवर माणूस मध्येच गप्प होतो आणि मग रेंजचं नाव सांगून सुटतो. मला सुटायचं नाही. वरवंडला हायवेवरच्या गॅरेजात तू कामाला आहेस आणि दीक्षावहिनी शिवणकाम करतात, एवढं सोजरबाईंकडून कळतं. तुझं नाव निघालं की म्हातारी अजून पदर डोळ्याला लावते. तिला आणि आणखी दोघींना तू पुरातून ओढून काढलंस, हे गावात तिनं एकटीनंच लक्षात ठेवलं.

गावची बातमी अशी की पंचायतीची होडी मी दुरुस्त केली. धरणाचं पाणी सुटलं की बंधारा बुडतो आणि पलीकडे दौंडच्या बाजूला जायला जवळची वाट राहत नाही, म्हणून सीमाताई सरपंच मागे लागल्या होत्या. दोन वर्षं ती शाळेमागं ताडपत्रीखाली पडून होती. तिला जाळून टाका म्हणणारा मीच, आणि दुरुस्तीला हात वर करणाराही मीच. चांगुलपणानं नाही केला. रांजणगावच्या टूलरूममध्ये मी वीस वर्षं काढली. माणूस खोटं बोलेल, लोखंड बोलत नाही, ही माझी मिजास तुला माहीत आहे. तू इंजिन दगडावर घातलंस, त्याचा पुरावा मला हातात धरून बघायचा होता.

सहा आठवडे सुट्टीच्या दिवशी तेच काम. पिस्टन चिकटून बसला होता, तो डिझेल पाजून, लाकडी ठोकळा लावून सोडवला. रिंगा नव्या टाकल्या. खालच्या गिअरपेटीचे दोन बोल्ट गंजून असे बसलेले की तापवूनही हलेनात, शेवटी ड्रिल मारून काढले. पेटी उघडली तर आतून दुधासारखं पांढरं ऑइल आलं आणि त्यात मक्याच्या दाण्यांसारखे गिअरचे दात. भिगवणच्या एका मच्छीमाराकडं असंच जुनं इंजिन निघालं, त्याचा गिअर आणून बसवला. टाकीत चालवून बघितलं, पहिल्या दोरीला सुरू झालं. काम बिनतोड झालं सत्या, आणि ते करून मी शेडमध्ये खाली बसून रडलो.

तुझी काडेपेटी आठवते? होडीला ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या पितळी पिना तू काडेपेटीत ठेवायचास. जलपर्णी गुंतली, ओंडका लागला की पिन मोडायची, इंजिन नुसतंच ओरडायचं, पंखा थांबायचा. तू मधल्या पाण्यात पाच मिनिटांत नवी पिन घालायचास. मी हसायचो, म्हणायचो की पंचायतीची होडी काडेपेटीवर चालते. त्या पावसाळ्यात चार पिना मोडल्या होत्या. तेवढ्यात पलीकडून माझ्या सासूला, हसीनाच्या अम्मीला, बरं नसल्याचा निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी तिला तुझ्या होडीतून जायचं होतं. त्या संध्याकाळी मी टूलरूममधून कडक पोलादाची पिन आणली, पाणी देऊन कठीण केलेली. हसीना मधल्या पाण्यात अडकायला नको, एवढंच डोक्यात होतं. तू मला अडवलंस. म्हणालास, "इन्या, ती पिन मोडायलाच पायजे. ती मोडती म्हनून आतला गिअर वाचतो." मी म्हणालो, तू होडी हाक, लोखंडाचं मला शिकवू नको. माझ्या हातानं बसवली, आणि फिटर असल्याच्या तोऱ्यात तुझी काडेपेटी खिशात घालून घरी नेली.

पुढचं तुला मी काय सांगू? ओंडका लागला, पंखा थांबला, होडी आडवी होऊन बंधाऱ्याच्या खांबांवर गेली. हसीना तिसऱ्या दिवशी सापडली. काठावर सगळ्या गावासमोर मी तुझी कॉलर धरली आणि तू मान खाली घालून म्हणालास, "चुकलं माझं. लक्ष न्हवतं, दगडावर घातली." तुला राखी बांधणारी बहीण गेली होती, हे मला सुचलंसुद्धा नाही. मग कुणी म्हणालं तू प्यायला होतास. आयुष्यात थेंब न घेतलेला तू. हे मला माहीत असून मी गप्प राहिलो. तुझ्या वस्तीतल्या माणसाबद्दल असं काही पटायला गावाला वेळ लागत नाही, हेही मला माहीत होतं. तू घराला कुलूप लावून गेलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

पंखा मी सगळ्यात शेवटी उघडला. एक पातं वाकलेलं, आणि आत माझी पिन धडधाकट, तिच्यावर ओरखडा नाही. ती मोडली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. ती मोडली नाही म्हणून गिअर गेला. पण तेवढ्यावर मी हे पत्र लिहिलं नसतं. कदाचित पिन नदीत फेकून गप्प बसलो असतो, इतका मी भित्रा आहे. पंख्याची टोपी सुटू नये म्हणून घालतात ती दोन पायांची स्प्लिट पिन बघितली. मी तिचे दोन्ही पाय वळवतो. इथं एकच वळवलेला होता, तुझ्या सवयीप्रमाणे, म्हणजे माझ्यानंतर तू पंखा उघडला होतास. सोजरबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "सत्यानं पंखा वर घेतला, पक्कड लावून उघाडला, बघितलं, आन् तसाच बंद केला. मंग वल्हं घेतलं. बोलला काय न्हाई." म्हणजे तू तिथंच, पाण्यात, माझी पिन पाहिली होतीस. काठावर येईपर्यंत तुझं ठरलं होतं की हसीनाचं मरण माझ्या हातात द्यायचं नाही. दोन वर्षं तू ते स्वतःच्या अंगावर वागवलंस.

सोमवारी ग्रामसभा आहे. ती पिन टेबलावर ठेवून मी सगळं सांगणार आहे, तू नको म्हणालास तरी. त्याआधी सुफियाला सांगितलं. बारा वर्षांची पोर, तिनं शांतपणे ऐकून घेतलं. परवापासून माझ्याशी बोलत नाही, मी केलेलं खात नाही, शेजारी जेवते. काल एकच वाक्य बोलली, मला सतीशमामाकडं जायचंय. म्हणून हे पत्र. रविवारी तिला घेऊन वरवंडला येतो. मला दारात उभं केलं नाहीस तरी चालेल. तिला आत घे.

तुझाच म्हणवून घ्यायला न उरलेला,
इनुस