टाचेवरची दोरी

१२ डिसेंबर
आज नववीला स्नायू शिकवले. कोंबडीचा पाय पिशवीतून नेला. बसमध्ये शेजारची बाई तीनदा सरकून बसली! पायातली पांढरी कंडरा चिमट्याने ओढली, कोंबडीची बोटं मिटली. रक्षिता आधी किंचाळली, मग तिलाच दहा वेळा ओढून बघायचं होतं. स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या, प्रत्येक जुडीला पातळ वेष्टन. टोकाला सगळी वेष्टनं एकत्र येतात, त्यांची कंडरा होते आणि ती हाडात रुतते. स्नायू नुसता ओढतो, ढकलत नाही. एवढं तरी डोक्यात शिरलं असावं.

१४ डिसेंबर
खळ्यावर मळणी. पोतं उचलताना मामा — माझे सासरे — मटकन खाली बसले आणि म्हशीवर ओरडले, "लाथ मारली की हिनं!" म्हैस दहा हात लांब रवंथ करत होती.

मामा स्वतः हाडं बसवतात, पार कुंभारवाडा गावाहूनही लोक येतात. आपलाच पाय चाचपून निकाल दिला — "हाड साबूत हाय. पाला बांधला की झालं."

१५ डिसेंबर
बांधला. लंगडतायत. मामांचे पुतणे लखूभावजी बघायला आले, तेही लंगडतच. "माझा पाय काकांनीच बघितला की, बारा वर्सांमागं. एक पैसा घेतला न्हाई." म्हणून दरसाल नव्या तांदळाची पोटली आणतात. यंदाची बांधून ठेवलीय म्हणे.

१६ डिसेंबर
मामांना चवड्यावर उभंच राहता येईना. मी म्हटलं, पालथे झोपा. सुनेनं सासऱ्याची पोटरी दाबायची — सासूबाई पदरात हसत होत्या. चांगली पोटरी दाबली, पाऊल हललं. दुखरी दाबली, पाऊल ढिम्म. हाड साबूतच आहे, पण टाचेवरची कंडरा तुटलीय!

"हाडं बघण्यात चाळीस वर्सं गेली माझी."

"आणि माझी कोंबड्या बघण्यात. शिवून घेतली नाही तर जन्मभर लंगडाल." हसत म्हटलं, पण मला भीती वाटत होती.

१७ डिसेंबर
मामा रुसलेत. जेवले मात्र दोनदा.

१९ डिसेंबर
माझ्या नवऱ्यानं, शिवानंदनी, वडलांना उचलून गाडीत घातलं, थेट हुबळी. डॉक्टरांनीही पहिल्यांदा पोटरीच दाबली! मी मामांकडे बघितलं नाही. मुद्दाम.

२१ डिसेंबर
शिवली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. जुनं झालं की तुटलेली टोकं लांब सरकतात, मग अवघड.

"जुनं म्हंजे किती?" मामांनी तीनदा विचारलं.

८ जानेवारी
मामा कुबड्या घेऊन लखूभावजींकडे गेले. मलाही नेलं. भावजींना बाकावर पालथं झोपवून स्वतः पोटरी दाबली. पाऊल हललं नाही. पुन्हा दाबली.

"तुझं बी हेच तुटलं व्हतं, लखू. मी हाड बघत बसलो."

भावजी उठले. आतून तांदळाची पोटली आणली. मामांनी ती घेतली नाही.