बंबवाल्यांच्या बिंगोसाठी फ्रेमवर्क

शुक्रवार, २ जून

आजपासून रोजनिशी. मोठं काम चालू असतानाच नोंद ठेवलेली बरी. नंतर लोक आपापल्या सोयीने सांगतात.

काम असं. आमच्या गावच्या आगीच्या बंबाचा पंप मेला. बंबवाले सगळे बिनपगारी, नवा पंप आणायचा तर बिंगो, म्हणजे हाउजी, खेळवायचा. तो दरवर्षी शाळेच्या हॉलमध्ये होतो. पुठ्ठ्याची कार्डं, आकड्यांवर ठेवायला घेवड्याचे दाणे, आणि पिशवीतून आकड्यांच्या सोंगट्या काढायला एर्मेलिंदाबाई. सत्तरीच्या आहेत, प्रत्येक आकड्यावर एक चावट शेरा मारतात. आणि याला इथे करमणूक म्हणतात! चिलीच्या या चिलोए बेटावर एकविसावं शतक अजून बोटीतून उतरलेलं नाही.

मी जाहीर केलं, यंदा बिंगो ऑनलाइन. फोनवर, घरबसल्या. सान्तियागोला गेलेली मुलंबाळंसुद्धा खेळतील.

दलाचा कॅप्टन डेल्फिन म्हणजे नेल्दाचा, माझ्या बायकोचा, भाऊ. म्हणाला, "दाजी, नक्की जमेल ना? पंप नाही आला तर आगीवर आम्ही काय थुंकायचं?"

मी नुसता हसलो. काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे स्वतःचा अपमान.

रविवार, ४ जून

डेल्फिनने माझ्या पाठीमागे गास्तोनचा सल्ला घेतला. गास्तोन हा इसम हार्डवेअरची दुकानं आणि गुरांचे डॉक्टर यांच्या वेबसाइटी बनवतो. म्हणाला म्हणे, "पीएचपीमध्ये दोन पानं लिही म्हणावं, मोकळा हो."

पीएचपी, ती जुनाट भाषा! माणसाने गुहेत राहावं तर खुशाल राहावं, दुसऱ्याला आत बोलावू नये.

मी रेलाम्पागोचा विचार करतोय. रेलाम्पागो म्हणजे वीज. फुल-स्टॅक जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क. समोरचा ब्राउझर, मागचा सर्व्हर, खालचा डेटाबेस, सगळं एका भाषेत. इकडे सोंगटी निघाली की तिकडे सगळ्यांच्या स्क्रीनवर त्याच क्षणी आकडा. पण मी उतावळा नाही. आधी फायदे-तोटे लिहून काढणार.

मंगळवार, ६ जून

फायद्यांची अकरा पानं झाली. तोटा एकही सापडला नाही. हे संशयास्पद आहे. आठवडाभर शोधावं लागेल.

नेल्दाने विचारलं, पहिला आकडा कधी दिसणार? म्हटलं, आधी पाया. ती दवाखान्यात इंजेक्शनं देते. सुई टोचली की काम झालं, असा तिचा धंदा. तिला पाया कसा कळणार. (सध्या घर तिच्या पगारावर चालतं हे खरं, पण तो मुद्दा इथे गैरलागू.)

बुधवार, १४ जून

तोटे मिळाले!

एक: रेलाम्पागो वापरणारे कमी झालेत. त्यांच्या फोरमवरचा शेवटचा प्रश्न तीन वर्षांपूर्वीचा, आणि तोही अनुत्तरित. बराच विचार केला. म्हणजे लोकांना आता प्रश्नच पडत नाहीत. फायद्यांत हलवला.

दोन: नवी आवृत्ती घेतली की जुनं मोडतं. मग घ्यायची नाही. वेळ वाचला. फायद्यांत हलवला.

तीन: सगळं त्याच्याच पद्धतीने करावं लागतं, आपलं काही चालत नाही. नेल्दा भांडी विसळता विसळता म्हणाली, "कुणाकुणाला बरं असतं ते." याचा अर्थ लागला नाही. तूर्तास तोट्यांत.

बुधवार, २१ जून

डेल्फिन संध्याकाळच्या चहाला टपकला. "दाखवा की दाजी, कुठवर आलंय." मी आराखडा दाखवला. चौकोन, बाण, तीन रंग. त्याने तो मान वाकडी करून बघितला, बटाट्याचे चार मिल्काओ खाल्ले आणि म्हणाला, "चित्र झकास आहे. पण यात खेळायचं कुठून?"

आग विझवणाऱ्या माणसांकडून कल्पनाशक्तीची अपेक्षा नसतेच. पण सासरच्या माणसांकडून थोडी तरी...

गुरुवार, २९ जून

निर्णय झाला. रेलाम्पागो!! फायदे एकोणतीस पानं, तोटे अर्धं पान, तेही मोठ्या अक्षरात.

लगेच लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत आकडे उमटायला लागले. याची सगळ्यात सुंदर गोष्ट: डेटाबेसमध्ये जे असेल ते न सांगता सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये जातं. मला एक ओळ लिहावी लागत नाही. रेलाम्पागोच्या माहितीपुस्तकात इशारा आहे की ही सोय नवशिक्यांसाठी आहे, खरा वापर सुरू करण्याआधी बंद करावी. मी नवशिका नाही. इशारा मला लागू नाही.

सोमवार, ३ जुलै

चाचणी. एकटाच खेळलो. जिंकलो. पुन्हा खेळलो, पुन्हा जिंकलो. निर्दोष.

बुधवार, ५ जुलै

नेल्दाला दुसऱ्या फोनवर बसवून चाचणी. दोघांच्या स्क्रीनवर आकडा एकदम! ती मात्र कौतुक करायचं सोडून म्हणाली, "अरे, आपली दोघांची कार्डं एकसारखीच आहेत."

मी समजावलं की यालाच सिंक्रोनायझेशन म्हणतात, यासाठीच तर हा खटाटोप. "तुला खात्री आहे?" ती म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली. नंतर भावाला फोन करत होती. कशाबद्दल ते विचारलं नाही.

शनिवार, ८ जुलै, सकाळ

आज संध्याकाळी. सगळं गाव नोंदलं गेलंय, आजूबाजूची बेटंही. पहिलं बक्षीस लाकडावर चालणारी बिडाची चूल. बंबाशेजारी लाल फीत बांधून ठेवलीय. आमची चूल तडकल्यापासून नेल्दाचा तिच्यावर डोळा आहे.

डेल्फिन कानाशी येऊन म्हणाला, पुठ्ठ्याची कार्डं माळ्यावर आहेत, लागली तर. मी ऐकलं नाही असं दाखवलं. गास्तोननेही नाव नोंदवलंय. शिकू दे बिचाऱ्याला.

रविवार, ९ जुलै

तांत्रिक बाजू आधी: आकडे प्रत्येक स्क्रीनवर त्याच क्षणी पोचले. याची नोंद कुणीही घेतली नाही.

बाकीचं असं. बंबखान्यात बसून एर्मेलिंदाबाईंनी सत्तेचाळीस काढला. "माझा नवरा याच वयात शेवटचा शहाण्यासारखा वागला!" म्हणाल्या. आणि त्याच क्षणी बिंगो झाला. सगळ्यांना.

आधी माझा फोन वाजला. मग डेल्फिनचा. मग बंबखान्याचा. पाठोपाठ माणसंच आली, रेनकोट चढवून, फोन उंच धरून. "माझी चूल!" "तुझी कशी? हे बघ, भरलंय कार्ड!" "माझंही भरलंय!" पाद्रीबुवासुद्धा रांगेत होते, म्हणे चर्चसाठी. मासेमारीवाल्या दोघा भावांनी चूल उचलून पिकअपमध्ये चढवली, बाकीच्यांनी उतरवली. पांगवायला डेल्फिनने भोंगा वाजवला, तर शेजारच्या गावचे बंबवाले आग लागली समजून धावत आले. त्यांचा पंप चालू आहे. त्यांनी तो चालवला.

गर्दी ओसरल्यावर डेल्फिन निथळत माझ्यासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. "दाजी, चूल एक आहे."

सगळ्यांचे पैसे परत. पंप नाही.

मंगळवार, ११ जुलै

वस्तुनिष्ठपणे पाहता दोष फ्रेमवर्कचा नाही. ज्याच्या हाती जे द्यायचं ते त्याने सगळ्यांच्या हाती दिलं. हा उदारपणा आहे. गावाची लायकी नाही.

दुकानात गास्तोन भेटला. काही बोलला नाही. त्याचं न बोलणं फार उद्धट होतं.

शनिवार, १५ जुलै

डेल्फिन पुठ्ठ्याची कार्डं विकत दारोदार फिरतोय. पुढच्या शनिवारी बिंगो, शाळेच्या हॉलमध्ये. मला येण्याचा आग्रह नाही. माझा बहिष्कार आहे.

रविवार, २३ जुलै

गेलो. नेल्दाने माझ्यासाठी कार्ड घेतलं होतं. म्हणाली, "तोंड मिटून बस आणि दाणे ठेव. एवढं जमेल." स्वतः सोपाइपिया तळायला गेली.

शेजारी केम्ची गावच्या ओतिलियाबाई बसल्या होत्या. त्यांनी सौजन्याने विचारलं, तुम्ही काय करता? या गावात हा प्रश्न मला प्रथमच कुणीतरी नीट विचारला. मीही नीट उत्तर दिलं. बाई मान हलवत होत्या. एर्मेलिंदाबाईंचं चालूच होतं, माझा हात आपसूक दाणे ठेवत होता, त्यात लक्ष घालण्यासारखं काही नसतं. मी ऐन रंगात आलो आणि बाई माझ्या कानात किंचाळल्या, "बिंगो!"

चूल केम्चीला गेली. पंपापुरते पैसे जमले. टाळ्या एर्मेलिंदाबाईंना.

नेल्दा हात पुसत आली आणि तिने माझ्या कार्डाकडे बघितलं. एकही घर रिकामं नव्हतं. तिने फळ्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. माझं कार्ड ओतिलियाबाईंच्या दोन आकडे आधीच भरलं होतं. पण पुढचा आकडा निघण्याआधी ओरडावं लागतं, असा इथला मागासलेला नियम आहे.

घरी तडकलेल्या चुलीत लाकूड सारताना तिने विचारलं, "कार्ड भरलं तेव्हा तू काय करत होतास?"

मी खरं तेच सांगितलं. रेलाम्पागोचे फायदे सांगून झाले होते, तोट्यांना नुकतीच सुरुवात केली होती.