दोन्ही बाजू एकदम कापल्याबद्दल

ती. मामांना, गंजाने माखलेल्या हातांचा साष्टांग नमस्कार (तुमच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग नको, म्हणून लांबूनच).

मामींचे गुडघे कसे आहेत? तुमच्या डोळ्यांतले थेंब वेळेवर पडतात ना? पत्र मामीच वाचून दाखवणार हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर जरा मोठं काढतोय.

तुमची गाडी सुखरूप आहे. (म्हणजे आहे, एवढं नक्की.) डॉक्टरांनी तुमचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा एवढे भाचे सोडून तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. वर्षातून एकदा येईन, शेजारी बसेन, मला फिरवून आण, एवढंच मागितलंत. येत्या रविवारी तुम्ही येणार, म्हणून मी गाडी साफ करायला काढली. आतला गालिचा उचलला, तर खाली थेट आमच्या अंगणातली फरशी दिसली. तळाच्या पत्र्याची गंजून पार चाळण झाली होती. स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला.

शहाण्या माणसाने वेल्डरला बोलावलं असतं. पण शहाणपणाचा आणि माझा छत्तीसचा आकडा. मी ग्राइंडर आणला, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, आरशात एकदा बघून घेतलं (बरा दिसत होतो), चाकं काढून गाडी पुढून-मागून ठोकळ्यांवर चढवली आणि सीटा बाहेर काढल्या. शेजारच्या काकूंना आवाजाचा त्रास नको म्हणून आत बसून दारं लावून घेतली आणि डावी बाजू कापली. मग हात असा काही बसला म्हणता, की त्याच झोकात उजवीही कापून टाकली! मधल्या उंचवट्यावर मांडी घालून मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन बसलो होतो, तेवढ्यात गाडी कर्रर्र करून खाली दबली.

दार उघडेना. दुसरं उघडेना. काच उतरवावी तर तीही हटून बसलेली. शेवटी मीच कापलेल्या भोकातून बाहेर आलो. आधी पाय, मग पोट (इथे बराच वेळ गेला), मग उरलेला मी. बायको चहा घेऊन उभीच होती. कप माझ्या डोक्याशी ठेवून आत गेली, आणि मग स्वयंपाकघरातून कितीतरी वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

मग वेल्डर आला. त्याने आधी वाकून गाडी पाहिली, मग मला पाहिलं. "दोन्ही बाजू एकदम कापल्या?" एवढंच म्हणाला. आधी दारांच्या चौकटीत आडवे गज जोडायचे, मग एक बाजू कापून तिथे नवा पत्रा बसवायचा, आणि मगच दुसरीला हात लावायचा, नाहीतर गाडी कमरेत बसते म्हणे. मामा, तुमची गाडी कमरेत बसली आहे. आता जॅक लावून ती केसाकेसाने उचलायची. पण दारं मुळात कुठे टेकत होती हे त्याला कोण सांगणार? दोन दिवस मला घास गोड लागलेला नाही. तुम्ही विश्वासाने दिलीत आणि मी तिची अशी वाट लावली. तुम्हाला तोंड कसं दाखवू?

तेव्हा या रविवारी येऊ नका. इकडे ऊन फार आहे. शिवाय घराला रंग काढलाय. शिवाय मला जरा कणकण आहे.

तुमचा, अजून तुमचा म्हणवत असाल तर,
भाचा

ता. क. : रंगाचं खोटं आहे. कणकणही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला आईकडे दिलं, तर तिने सगळं वाचलं आणि पोट धरून हसत सुटली. म्हणते, माझ्या जन्माआधी याच गाडीला तुम्हीही हाच उद्योग केला होता, तोही आजोबांच्या देखत! नऊ दिवस जॅक फिरवत, दाराच्या फटीत बोट घालून अंदाज घेत तुम्ही ती सरळ केलीत. अहो मामा, एवढ्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत? मघाचं सगळं रद्द समजा. रविवारपर्यंत थांबू नका, पत्र मिळताच निघा. जॅक मी फिरवतो. फट तुमच्या बोटांनीच बघायची आहे, तिथे डोळ्यांचं काही काम नाही.