मुरादचा नंबर

अबुधाबी,
१२ डिसेंबर १९९६

ती. राजाभाऊंस सूर्यकांतचा नमस्कार.

मी आणि स्मिता खुशाल आहोत. इथली थंडी म्हणजे एसी बंद, एवढंच. तुमच्या गुडघ्यांचं आपल्या कुंदाताईच्या पत्रातून कळतं. बत्तीस वर्षांत तुमची एक ओळ आली नाही, तरी मी लिहिणारच. फाडायचं तर फाडा, पण या खेपेला वाचून फाडा.

चौसष्टला मी शारजाला गोऱ्यांच्या पलटणीत कारकून म्हणून निघालो, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "गोरा आपल्याकडून गेला, तर हा त्याच्या भाडोत्र्यांची हजेरी घ्यायला चालला!" अहो, तुमची मराठा पलटण तरी कुणी उभी केली होती? सत्तेचाळीसला झेंडा बदलला, माणसं तीच राहिली आणि पलटण आपली झाली. इथेही तेच झालं, आणि माझ्या टेबलावर झालं.

डिसेंबर एकाहत्तर. गोरे निघाले, अमिरातींचा नवा देश झाला, आमची पलटण त्याच्या फौजेत जाणार होती. मैदानात टेबल मांडलं. एकेक जवान येई, मी जुना नंबर लाल शाईने खोडून नवा लिही, अंगठा घेई. संध्याकाळी रजिस्टर बंद. ज्याचा अंगठा नाही, तो फौजेत नाही.

मुरादचा अंगठा नव्हता.

मुराद मकरानचा बलुची, सात वर्षांची आमची दोस्ती. त्या दिवशी तो दुबईच्या तार ऑफिसात होता, कारण मीच त्याला पाठवलं होतं. लढाई नुकतीच थांबलेली, तुम्ही आघाडीवर; घरी तार करून विचारलं होतं, उत्तर नाही. लिहिताना माझे नंबर चुकत होते. तो म्हणाला, "तुम लिखो बाबू, तार मैं देख के आता हूँ." मी जा म्हटलं, आणि तो पास न घेताच गेला.

संध्याकाळी गोऱ्या साहेबाने विचारलं, हा कुठे आहे? खासगी कामाला पाठवलं म्हटलं असतं, तर माझी नोकरी गेली असती. मी घाबरलो, राजाभाऊ. शेऱ्यात लिहिलं, 'पळाला'.

थोड्या वेळाने मुराद फाटकाशी आला, तार हलवत. "बाबू, भाई ज़िंदा है!" त्याला आत घेतलंच नाही.

तो शेरा गोऱ्याने मारला असंच तो कालपर्यंत समजत होता. तेव्हापासून मीना बाजारात कापडाच्या दुकानावर चौकीदार आहे. बर दुबईच्या देवळात जाताना पंचवीस वर्षं मी ती गल्ली टाळून वळसा घालून गेलो. देवापुढे हात जोडायचे आणि माणसाला चुकवायचं, असली माझी भक्ती!

यंदा फौजेच्या पहिल्या जवानांचा फलक लागायचाय. खाली पहिला कारकून म्हणून माझंही नाव. आमच्या ऑफिसातल्या अरब कॅप्टनने यादी पुढे सरकवली. "यल्ला, चला मिस्टर सूर्या, साइन करा. त्या टेबलावरचे तुम्हीच उरलात."

मी म्हटलं, नाही करत. एक नाव कमी आहे, आणि ते मी कापलंय.

तो पोरगा वाईट नाही. हळूच म्हणाला, "हबीबी, हे रायटिंगमध्ये दिलंत तर नाव चढेल, पण तुमचं काँट्रॅक्ट खलास. फलकावरून तुमचं नावही जाईल."

म्हटलं, आण कागद. लिहून दिलं, सही ठोकली. एकतीस तारखेला मी मोकळा. या खेपेला एक अक्षर चुकलं नाही.

स्मिता म्हणाली, "पंचवीस वर्षं उशीर केलात. आता त्याच्या तोंडावर सांगून या." काल गेलो. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "वो भाई... अभी ज़िंदा है ना?"

काय सांगू त्याला? ज्याची खबर आणायला त्याने फौज घालवली, त्या भावाचं मला कधी पत्रच येत नाही, हे सांगू? खाली मान घालून परत आलो.

जानेवारीत पुण्याला येतोय. तुमची माफी मागायला नाही. मागायची होती तिथे मागून झाली. दार उघडायचं तर उघडा, नाहीतर तुमचा हट्ट तुम्हाला लखलाभ. मलाही लिहू नका. पण त्या भाडोत्र्याला तुमच्या हातचं उत्तर गेलं पाहिजे. पत्ता देतो. हिंदीत लिहा, दुकानातलं कुणीतरी वाचून दाखवील.

मुराद, चौकीदार,
कापड दुकान, देवळाच्या गल्लीसमोर,
मीना बाजार, बर दुबई.

तुम्ही माना न माना, तुमचाच धाकटा भाऊ,
सूर्यकांत