गीतांजलीच्या नावाने धडा वगळू नये

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, लातूर.

अर्जदार : सुदाम ग्यानोबा शेळके, व्यवसाय शेती, ता. चाकूर.

विषय : इयत्ता दहावीचा उत्क्रांतीचा धडा वगळू नये, तो पूर्ण शिकवावा, याबाबत.
संदर्भ : काही ग्रामस्थांनी शाळेस दिलेले निवेदन (त्यावर अर्जदाराची सही नाही).

महोदय,

१) अर्जदाराची थोरली मुलगी गीतांजली गतवर्षी गावच्या हायस्कूलमध्ये दहावीत होती. वयात आल्यापासून तिच्या हनुवटीवर व हातांवर दाट केस येतात. लातूरच्या डॉक्टरांनी हार्मोनचा दोष सांगून गोळ्या दिल्या होत्या. मुलगी बाह्या ओढून शाळेत जात असे, पण जात असे. विज्ञान तिच्या आवडीचा विषय होता.

२) सदर धड्यात अवशेषांगांचा भाग आहे, म्हणजे पूर्वजांकडून आलेले व आता फारसे काम न उरलेले अवयव. सरांनी माकडहाड, अक्कलदाढ सांगितली. पुढे 'अंगावरील केस' म्हणताच अख्खा वर्ग मागे वळून गीतांजलीकडे पाहू लागला. सरांनाही हसू आवरले नाही. त्या दिवसापासून तिचे नाव 'पूर्वज' पडले. एस.टी.च्या थांब्यावरही मुले त्याच नावाने हाका मारू लागली.

३) अर्जदार शाळेत गेला असता मुख्याध्यापक म्हणाले, "लेकरं हायत, थट्टा करतेत. मनावर घेऊ नका." अर्जदाराने घरी येऊन मुलीस तेच सांगितले. ती म्हणाली, "बाबा, सर बी हसले." ती परीक्षेला बसली नाही.

४) सध्या ती नांदेडला अर्जदाराची बहीण शिवकांता हिच्याकडे असते. तोंडाला बांधलेला रुमाल ती घरातही सोडत नाही. दिवाळीत अर्जदार भेटीस गेला, तेव्हा ती बापाकडे पाठ करून जेवली.

५) आता काही मंडळींनी "माणूस माकडापासून झाला असं शिकवलं म्हणून पोरगी शाळेतून गेली" असे लिहून देऊन तो धडा बंद करविला आहे. हे खरे नाही. शिवकांताची मुलगी वर्षाराणी बी.एस्सी. करते. तिने अर्जदारास धडा वाचून समजावला. कोणी माणूस मागे राहिला, कोणी पुढे गेला, असे त्यात कुठेच नाही. माकडहाड सगळ्यांनाच असते. त्या वर्गात ते नसलेले एकही लेकरू नव्हते. सरांनाही होते. एवढे त्या दिवशी कोणी बोलले असते, तर मुली-मुलांनी आपापल्या पाठीला हात लावून पाहिला असता. माझी पोर धड्यामुळे गेली नाही, साहेब. अर्ध्या शिकवणीने गेली.

६) तरी सदर धडा पूर्ववत सुरू करावा व कोणा एका लेकराकडे वर्ग वळणार नाही अशा रीतीने तो शिकविण्याचे आदेश शाळेस व्हावेत. गीतांजलीसाठी काही मागणे नाही. ती आता परत येणार नाही. धाकटी महादेवी जूनमध्ये दहावीत जात आहे. तिच्याही ओठांवर लव दिसू लागली आहे. तिने अजून काही विचारलेले नाही. ती विचारील, तेव्हा तिला सांगता येईल असे उत्तर अर्जदारास हवे आहे.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून असलेला, नम्र,
(सही)
सुदाम ग्यानोबा शेळके
दि. १८ एप्रिल २०२५