कौसाबाईचं उत्तर मी बदललं

प्रिय क्लाराताई,

तुम्ही गेल्याचं परवा तुमच्या लेकीनं कळवलं. सोबत तुमच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवून विचारलं, "आईनं इथं काय लिहायचं ठेवलं होतं?" तिला उत्तर द्यायच्या आधी तुमच्याशी बोलणं भाग आहे.

खरं सांगू? पहिल्या दिवसापासून मला तुमचा संशय होता. इटलीतली सत्तरीची लेखिका आमच्या तीर्थपुरीला कशाला मरायला येईल? तरुणपणी गिरणीच्या मजुरांच्या बाजूनं लिहिलं म्हणून तुरुंगात गेलात, मंत्र्यांशी भांडलात, हे तुम्हीच सांगितलं. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, सांगायला काय जातंय! हिच्या मागं पैसा कोणाचा? आमची बदनामी करून पुस्तक खपवणार, दुसरं काय!

तरी दुभाष्या झालो. इंग्रजी बोलणारा मास्तर तेव्हा मी एकटाच.

अठरा वर्षं झाली त्याला. बियाण्याच्या कपाशीत बाया क्रॉसिंग करत होत्या, एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला हातानं चोळत. तुम्ही बांधावर फतकल मारून बसलात आणि त्यांतल्या कौसाबाईला विचारलंत, "लेक काय करते?" किती वेळ बोलली ती! "माझी सुमन शाळा सोडून हितंच राबून राह्यली. लहान पोरींची बोटं जल्दी चालतात म्हणं. लिवा बाई, नावासकट लिवा." बोलता बोलता तिनं डोळ्याला पदर लावला.

मी तुम्हाला इंग्रजीत काय सांगितलं? "मुलगी शाळेत जाते."

कारण माझ्या हजेरीपटावर सुमन रोज हजर होती. माझ्याच हातानं! पट घटला असता तर एक मास्तर कमी झाला असता, आणि तो मीच असतो.

तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंत. विचारलं का न्हाई? एका शब्दानं विचारलं असतंत तर मी खरं बोललो असतो! बोललो असतो का? माझा मलाच भरवसा न्हाई. जाताना तुमचं शाईचं पेन मला दिलंत. ते बक्षीस होतं की टोमणा?

फोटोतल्या पानावरच्या तुमच्या इटालियन ओळी मोबाईलवर भाषांतर करून वाचल्या. "बाई रडत बरंच बोलली. मास्तरांनी एकच वाक्य सांगितलं. जागा सोडते आहे." खाली अर्धं पान कोरं. म्हणजे तुम्हालाही माझा संशय आल्ता तर!

काल तुम्ही गेल्याचं सांगायला कौसाबाईकडं गेलो. "गेली का माय!" म्हणून ती हळहळली. मंग म्हणाली, "मास्तर, माझ्या सुमनचं लिवलं व्हतं ना तिनं?"

मी "हो" म्हणालो. ताई, पुन्हा खोटं बोललो मी! तिनं खुशीत चहा टाकला आणि मी तो निर्लज्जासारखा प्यालो.

उद्या सकाळी परत जाणार आहे. हजेरीपटासकट सगळं सांगीन. शिव्या घालील, घालू दे. तिची परवानगी असेल तर तिचं बोलणं जसंच्या तसं लिहीन. सुमनला वाचता येत न्हाई, म्हणून तिची चौथीतली पोरगी तिला आणि कौसाबाईला ते वाचून दाखवील. दोघी "बराबर आहे" म्हणाल्या, तरच तुमच्या लेकीला पाठवीन.

तुमचा दुभाष्या,
भास्कर मास्तर